कोरड्या हवेत पास, दमट हवेत नापास: टिन ऑक्साइड गॅस सेन्सरचं एक प्रकरण

एलपीजी गळतीचे अलार्म बनवणाऱ्या एका लहान गटाचं हे प्रकरण आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत आणि आकडे वाचायला सोपे जावेत म्हणून ढोबळ केले आहेत. त्यांचं आपसातलं प्रमाण मात्र जसंच्या तसं ठेवलं आहे, कारण सगळी गोम त्या प्रमाणातच आहे.

पार्श्वभूमी

गटाने २४ अलार्म तयार करून मोठ्या स्वयंपाकघरांत आणि बॉयलरच्या खोल्यांत बसवले होते. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे ते जमिनीपासून फूटभर उंचीवर होते. प्रत्येकात दोन पातळ्या होत्या: सुमारे २०० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत गॅसचे २०० भाग) पिवळा दिवा व हलका आवाज आणि २००० पीपीएमला लाल दिवा व भोंगा. प्रोपेन-ब्युटेनच्या मिश्रणाची (म्हणजे एलपीजीची) स्फोटाची खालची मर्यादा, जिच्याखाली तो पेट घेत नाही, हवेत सुमारे २ टक्के, म्हणजे २०,००० पीपीएम धरली, तर लाल पातळी तिच्या एक-दशांशावर येते. या कामासाठी ही नेहमीची निवड आहे.

सेन्सर गटाने स्वतःच बनवला होता: ॲल्युमिनाच्या पट्टीवर सोन्याचे कंगव्यासारखे इलेक्ट्रोड, त्यांच्यावर टिन ऑक्साइडचा सुमारे ३० मायक्रॉनचा थर आणि मागच्या बाजूला प्लॅटिनमचा हीटर. घरगुती गॅस अलार्मसाठी टिन ऑक्साइड वापरण्याची कल्पना नाओयोशी तागुची यांनी १९६२ मध्ये मांडली. त्याच वर्षी तेत्सुरो सेइयामा यांनी झिंक ऑक्साइडच्या पातळ थरावर गॅस ओळखून दाखवला. साठ वर्षांत पदार्थाचे गुणदोष भरपूर तपासले गेले आहेत, त्यामुळे या प्रकरणात शास्त्राला नवं असं काही नाही. माहीत असलेली गोष्ट कामाच्या ओघात कशी निसटली, एवढंच पाहायचं आहे.

पुढचं समजायला काम कसं चालतं ते थोडक्यात सांगायला हवं. टिन ऑक्साइड एन-प्रकारचा अर्धवाहक आहे, म्हणजे त्यातून वीज वाहते ती मोकळ्या इलेक्ट्रॉनांमुळे. ३०० ते ४०० अंशांवर तापलेल्या त्याच्या कणांवर हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि पदार्थातले इलेक्ट्रॉन अडवून धरतो. त्यामुळे कणाच्या पृष्ठभागाजवळचा थर इलेक्ट्रॉनविना राहतो, दोन कणांच्या सांध्यावर अडथळा उभा राहतो आणि रोध वाढतो. एलपीजीसारखा क्षपणकारी गॅस आला की तो हा ऑक्सिजन खातो, इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि रोध कोसळतो. स्वच्छ हवेतल्या रोधाला गॅसमधल्या रोधाने भागलं की जो आकडा येतो, त्याला प्रतिसाद म्हणायचं. सेन्सर थेट गॅस मोजत नाही. तो मोजतो ते पृष्ठभागावर त्या क्षणी काय चिकटलं आहे हे, आणि पाणीही चिकटतं.

निवड कशी झाली होती

गटाच्या नोंदवहीत वेगवेगळ्या पद्धतींनी बनवलेल्या सात भुकट्या होत्या. चाचणी १० लिटरच्या बंद पेटीत व्हायची. सिलिंडरमधली कृत्रिम हवा पेटीत भरायची, सिरिंजने २० मिलिलिटर गॅस सोडायचा की २००० पीपीएम झालं. ज्या भुकटीचा प्रतिसाद सर्वांत मोठा, ती निवडायची.

पहिली आलेली भुकटी शुद्ध टिन ऑक्साइडची होती. ४०० अंशांवर दोन तास भाजलेली, कणाचा आकार ६ नॅनोमीटर. स्वच्छ हवेत तिचा रोध १८० किलोओहम आणि २००० पीपीएमला ९ किलोओहम यायचा, म्हणजे प्रतिसाद २०. शेजारच्याच रकान्यात आणखी एक भुकटी होती: ०.५ टक्के पॅलेडियम (एक उत्प्रेरक धातू) घातलेली, ६५० अंशांवर भाजलेली, १४ नॅनोमीटर कणांची. तिचा प्रतिसाद १८ होता आणि तिच्यावर काट मारली होती.

बारीक कणाची ओढ समजण्यासारखी होती. इलेक्ट्रॉनविना राहणारा थर साधारण ३ नॅनोमीटर जाड असतो. कण ६ नॅनोमीटरचा झाला की दोन्ही बाजूंचे थर मध्यात भेटतात, अख्खा कणच रिकामा होतो आणि प्रतिसाद झपाट्याने वाढतो. हे पाठ्यपुस्तकातलं आहे आणि खरंही आहे. पण तो कण सहाचाच राहील का, हा प्रश्न कुणी विचारला नाही.

पातळ्या थेट रोधावर बसवल्या. रोध ३६ किलोओहमच्या खाली गेला की पिवळा दिवा, ९ च्या खाली गेला की लाल. फर्मवेअरमध्ये, म्हणजे उपकरणातल्या प्रोग्राममध्ये, हे गुणोत्तर म्हणून लिहिलं होतं: कारखान्यात मोजलेल्या १८० चा एक-पंचमांश आणि एक-विसांश. हे गुणोत्तर पुढे महागात पडणार होतं.

अडचण

पहिल्या महिन्यातच पिवळ्या दिव्याच्या तक्रारी आल्या. आधी संशय स्वयंपाकाच्या वाफांवर आणि पुसायला वापरल्या जाणाऱ्या अल्कोहोलवर गेला. अल्कोहोलला टिन ऑक्साइड जोरात प्रतिसाद देतं, त्यामुळे संशय रास्त होता. पण ज्या बॉयलर खोल्यांत अल्कोहोलचा थेंबही नव्हता, तिथेही दिवा लागत होता.

मग वेळा काढून त्या आर्द्रतेशी ताडून पाहिल्या, तर मेळ अर्धवटच बसला. थंड पहाटे सापेक्ष आर्द्रता ९५ टक्के असूनही दिवा लागत नव्हता आणि वाफाळलेल्या खोलीत ८५ टक्क्यांना लागत होता. गाठ सुटली ती टक्के सोडून पाण्याचे पीपीएम काढल्यावर. १२ अंशांवर ९५ टक्के म्हणजे हवेत सुमारे १३,००० पीपीएम पाणी. ३० अंशांवर ८५ टक्के म्हणजे सुमारे ३५,५०० पीपीएम. सेन्सरचा पृष्ठभाग ३५० अंशांवर असतो. बाहेरची हवा संपृक्ततेच्या किती जवळ आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसतं, त्याच्यावर आदळतात ते पाण्याचे रेणू. टक्क्यांमध्ये नोंद ठेवणारे इथे हमखास फसतात.

आता हे आकडे शेजारी ठेवून पाहा. आपल्याला ओळखायचा आहे २००० पीपीएम गॅस. साध्या खोलीत, २५ अंश आणि ६० टक्क्यांना, सुमारे १९,००० पीपीएम पाणी आधीच हजर असतं. आणि चाचणीच्या सिलिंडरमध्ये पाणी असतं जेमतेम काही पीपीएम. म्हणजे सेन्सरची परीक्षा अशा हवेत झाली होती, जी कोणत्याही खोलीत सापडत नाही.

परत आणलेले नवे सेन्सर दमट हवेत मोजले तेव्हा चित्र असं दिसलं: २५ अंश आणि ६० टक्क्यांना स्वच्छ हवेतला रोध १८० वरून ४५ किलोओहमवर आलेला आणि २००० पीपीएमला ७.५. प्रतिसाद २० वरून ६ वर. ३५,५०० पीपीएम पाण्यात तर स्वच्छ हवेतच रोध ३४ येत होता. पिवळ्याची रेषा ३६ वर, त्यामुळे दिवा लागणारच.

इथवर प्रकरण त्रासदायक होतं, धोक्याचं नव्हतं. धोका तिसऱ्या महिन्यात उघड झाला. एका ठिकाणी दुरुस्तीत पाइपचा सांधा सैल राहिला. जमिनीलगत हातातल्या इन्फ्रारेड मीटरने २५०० पीपीएम दाखवले आणि शेजारचा अलार्म नुसता पिवळा राहिला, भोंगा वाजलाच नाही. माणूस मीटर घेऊन तिथे होता म्हणून निभावलं.

तो सेन्सर पेटीत मोजला. ६० टक्के आर्द्रतेत स्वच्छ हवेतला रोध ३६ आणि २००० पीपीएमला ११ किलोओहम आला. लाल रेषा ९ वर होती. हिशेब केला तर हा अलार्म ३००० पीपीएमच्या आसपास वाजला असता. म्हणजे एकच उपकरण एकाच वेळी विनाकारण पिवळा दिवा लावत होतं आणि लाल पातळीला बहिरं होत होतं. एका टोकाला रोध घसरला होता आणि दुसऱ्या टोकाला वाढला होता. एकट्या बाष्पामुळे असं होत नाही, कारण बाष्पाने नव्या सेन्सरची दोन्ही टोकं खालीच आणली होती.

एक्स-किरण विवर्तनाच्या शिखरांची रुंदी कणाचा आकार सांगते. ती मोजल्यावर उत्तर मिळालं. कण ६ वरून १० नॅनोमीटरचे झाले होते. भुकटी भाजली ४०० अंशांवर दोन तास आणि नंतर रोज २४ तास ठेवली ३५० अंशांवर. तीन महिने म्हणजे दोन हजारांहून जास्त तास. भाजणं भट्टीत अर्धवट राहिलं होतं, ते सेन्सरमध्ये हळूहळू पूर्ण होत गेलं.

मग हे आधी का लक्षात आलं नाही? कारण दर महिन्याची तपासणी लायटरने होत होती. न पेटवता लायटरचा गॅस जाळीवर सोडायचा, भोंगा वाजला की वहीत बरोबरची खूण. लायटरचं तोंड जाळीला टेकवलं की आत हजारो, कधी लाखाच्या घरात पीपीएम जातात. अर्धमेला सेन्सरही त्याला ओरडतो. त्या खुणांवरून एवढंच कळतं की तार तुटलेली नाही.

पर्याय आणि त्यांची छाननी

पहिला पर्याय सगळ्यात स्वस्त होता: पिवळ्याची रेषा ३६ वरून २५ किलोओहमवर आणायची. तक्रारी थांबल्या असत्या. पण तक्रार पिवळ्याची होती आणि आजार लालचा. हा उपाय केला असता, तर मूळ दोषाकडे बोट दाखवणारी एकमेव खूणच पुसली गेली असती. नकार देण्यापूर्वी गटात यावर बराच वाद झाला, कारण चार ठिकाणी लोकांनी कंटाळून उपकरणावर प्लॅस्टिकची पिशवी चढवली होती आणि काहीतरी लगेच करणं भाग होतं. शेवटी पिवळ्याचा आवाज बंद केला, दिवा आणि नोंद तशीच ठेवली आणि त्या ठिकाणी हातातले मीटर दिले.

दुसरा पर्याय फर्मवेअर लिहिणाऱ्यांचा होता: उपकरणाने स्वतःच गेल्या २४ तासांतला सर्वांत मोठा रोध शोधावा आणि तोच नवा पाया मानावा. कल्पना दिसायला सुंदर आहे आणि बऱ्याच उपकरणांत असतेही. इथे कागदावर हिशेब केला तेव्हा तिचं खरं रूप दिसलं. म्हाताऱ्या सेन्सरचा पाया ३६ धरला, तर लाल रेषा त्याचा एक-विसांश, म्हणजे १.८ किलोओहम. दमट हवेत या सेन्सरचा रोध निम्मा व्हायला गॅस चौपट लागत होता. ११ वरून १.८ पर्यंत यायला गॅस सुमारे ३७ पट हवा: जवळजवळ ७५,००० पीपीएम. इतक्या दूरपर्यंत ही रेषा सरळ राहत नाही हे मान्य केलं, तरी आकडा स्फोटाच्या मर्यादेच्या कितीतरी पुढे जातो. अलार्म स्फोटानंतर वाजला असता. शिवाय बारीक गळती दिवसभर चालू राहिली, तर तीच नवी स्वच्छ हवा ठरणार. घरातली हवा बरी-वाईट दाखवणाऱ्या यंत्राला हे चालेल, गळतीच्या अलार्मला नाही.

तिसरा पर्याय तापमान आणि आर्द्रतेची चिप बसवून आकडे दुरुस्त करण्याचा. यात एक शंका निघाली की चिप हीटरजवळ बसल्याने दोन-चार अंश जास्त दाखवते. ती शंका फोल आहे. चिपने स्वतःचं तापमान आणि त्याच तापमानाची आर्द्रता दिली, तर त्या दोन्हींतून काढलेले पाण्याचे पीपीएम तेच येतात. खरी अडचण वेगळी होती. दुरुस्तीच्या तक्त्याने पाया सावरता येतो, पण पाण्याने प्रतिसादच एक-तृतीयांशाहून खाली आणला, तर तक्ता तो परत कुठून आणणार? आणि कण वाढत असतील, तर आजचा तक्ता तीन महिन्यांनी खोटा ठरतो. चिप घ्यायची, पण फक्त नोंदीसाठी, असं ठरलं.

चौथा, सेन्सर ४५० अंशांवर चालवायचा. जास्त तापमानाला पाण्याची पकड सैल होते हे चाचणीत दिसलंही. पण एलपीजीचा प्रतिसाद उतरला, हीटरची भूक वाढली आणि कण आणखी जोरात वाढले.

दुसरा ऑक्साइड घ्यावा का, यावर फार वेळ गेला नाही. टंग्स्टन ऑक्साइडची खरी ताकद नायट्रोजन डायऑक्साइडवर दिसते, इंडियम ऑक्साइडची त्याच्यावर आणि ओझोनवर, आणि झिंक ऑक्साइडची अल्कोहोलकडे ओढ आपल्याला नकोच होती. पेलिस्टर, म्हणजे उत्प्रेरकावर गॅस जाळून उष्णता मोजणारा मणी, पाण्याला फारसा जुमानत नाही, पण सिलिकोन आणि गंधकाच्या वाफांनी मरतो. इन्फ्रारेड उत्तम, पण प्रत्येक उपकरणात घालायला महाग आणि आकाराने मोठं. ते तपासणीच्या मीटरपुरतं ठेवलं.

उरली ती नोंदवहीत काट मारलेली भुकटी. तिचे उरलेले चार सेन्सर ६० टक्के आर्द्रतेत मोजले. प्रतिसाद १३ आला. कोरड्या हवेत १८ विरुद्ध २० असा हरलेला पदार्थ दमट हवेत १३ विरुद्ध ६ असा जिंकत होता. टिन ऑक्साइडवर बारीक विखुरलेलं पॅलेडियम हवेत पॅलेडियम ऑक्साइडच्या रूपात असतं. ते पी-प्रकारचं, म्हणजे मोकळ्या इलेक्ट्रॉनांची उणीव असलेलं, असल्यामुळे खालच्या टिन ऑक्साइडमधून इलेक्ट्रॉन ओढतं, आणि पाणी असतानाही ऑक्सिजनला चिकटायला जागा देतं. त्यामुळे पाण्याने जे हिरावलं जातं, त्यातलं बरंचसं टिकतं.

काय केलं

भुकटी नव्याने बनवली. ३५ ग्रॅम स्टॅनिक क्लोराइड पेंटाहायड्रेट ५०० मिलिलिटर पाण्यात विरघळवलं आणि ढवळत ढवळत थेंबथेंब अमोनिया सोडत पीएच ८ पर्यंत नेला. पांढरा लगदा तयार होतो. हे सोपं असतं. खरा कस त्यातलं क्लोराइड धुऊन काढण्यात लागतो. पहिल्या खेपेला दोनदाच धुतलं होतं, कारण क्लोराइड कमी होऊ लागलं की लगदा इतका बारीक विखुरतो की गाळणीतून दुधासारखा खाली उतरतो. घाबरून धुणं तिथेच थांबवलं होतं. या वेळी गाळणी सोडून सेंट्रिफ्यूज वापरलं आणि साध्या पाण्याऐवजी अमोनियम नायट्रेटच्या विरळ द्रावणाने धुतलं, म्हणजे लगदा एकत्र राहतो. वरच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकल्यावर पांढरी धूसर झाक दिसेनाशी होईपर्यंत, म्हणजे क्लोराइड संपेपर्यंत, एकूण सहा वेळा. शेवटचं धुणं साध्या पाण्याचं. १०० अंशांवर वाळवून, मिनिटाला २ अंश या वेगाने, धूर ओढणाऱ्या चिमणीखाली ६५० अंशांपर्यंत नेऊन तीन तास भाजलं. हातात आली ती १५ ग्रॅमच्या आतबाहेर भुकटी.

पॅलेडियम घालताना एक जुनी खोड आड आली. पॅलेडियम क्लोराइड पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल घालतात. म्हणजे सहा धुण्यांत काढलेलं क्लोराइड पुन्हा आत. म्हणून पॅलेडियम नायट्रेट घेतलं. १० ग्रॅम भुकटीला ५० मिलिग्रॅम पॅलेडियम पडेल इतकं द्रावण, भुकटी जेमतेम ओली होईल एवढ्याच पाण्यात. वाळवून ५०० अंशांवर एक तास.

०.२, ०.५, १ आणि २ टक्के असे चार नमुने केले. ०.२ ला पाण्याचा त्रास अजून जाणवत होता. २ टक्क्यांना प्रतिसाद पडला: उत्प्रेरक इतका झाला की गॅस थराच्या वरच्याच भागात जळून जायचा आणि तळाशी इलेक्ट्रोडपर्यंत पोचायचाच नाही. ०.५ आणि १ यांत फरक थोडा होता. पॅलेडियम वाढवलं की स्वच्छ हवेतला रोध चढतो आणि मोजायला अवघड होतो, म्हणून ०.५ ठरलं.

पट्टीवर छापायच्या लुकणासाठी ७० भाग भुकटी आणि ३० भाग टर्पिनिऑल-एथिल सेल्युलोजचं माध्यम, म्हणजे भाजताना जळून जाणारा चिकट द्रव. स्क्रीनने छापल्यावर १५ मिनिटं सपाट पडू दिलं, १५० अंशांवर वाळवलं आणि ६०० अंशांवर एक तास भाजलं. पहिल्या दहा पट्ट्यांवर वाळलेल्या चिखलासारख्या भेगा पडल्या, कारण माध्यम एकदम जळून निघालं. ४०० अंशांपर्यंतचा वेग मिनिटाला २ अंशांवर आणल्यावर भेगा थांबल्या. इलेक्ट्रोडला चांदी वापरायची सूचना आली होती, पण दमट हवेत विजेच्या दाबाखाली चांदी सरकते आणि दोन दातांमध्ये पूल बांधते. सोनंच ठेवलं.

चालवायचं तापमान ३८० अंश. ते प्लॅटिनम हीटरच्याच रोधावरून तपासलं: खोलीच्या तापमानाला १० ओहम असणारा हा हीटर ३८० ला साधारण २२ ओहम दाखवतो. प्रत्येक सेन्सर कॅलिब्रेशनपूर्वी, म्हणजे माहीत असलेल्या गॅसवर त्याचे आकडे ठरवण्यापूर्वी, सात दिवस ४३० अंशांवर ठेवला, म्हणजे जे काही बदलायचं ते आधीच बदलून जावं.

चाचणीची मांडणी बदलणं हा कामाचा मोठा भाग ठरला. कोरडी हवा दोन वाटांनी सोडली, एक सरळ आणि दुसरी पाण्याच्या बाटल्यांतून. बाटली एकच असेल तर हवा पुरती भिजत नाही आणि बाष्पीभवनाने पाणी थंड पडतं, म्हणून ओळीने दोन बाटल्या आणि त्या स्थिर तापमानाच्या पाण्यात बुडवलेल्या. दोन वाटा सारख्या प्रमाणात मिसळल्या की ५० टक्के मिळतात. तरी पेटीच्या तोंडाशी मीटर ठेवून खातरी करायचीच. गॅस सिलिंडरमधून थेट सिरिंजमध्ये घेतला तर तो थंड आणि दाबाखाली असतो, २० मिलिलिटर हे २० राहत नाहीत. आधी पिशवीत भरून खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा, आणि त्या पिशवीजवळ तापलेला हीटर नको. आणखी एक बारकावा: दहा लिटरच्या पेटीत आठ तापलेले सेन्सर ठेवले की ते स्वतःच गॅस जाळत राहतात. पंधरा मिनिटांनी घेतलेलं माप तिसऱ्या मिनिटाच्या मापापेक्षा वेगळं येतं. तिसरं मिनिट ठरवून टाकलं.

कॅलिब्रेशन २५ अंश आणि ६० टक्क्यांना केलं आणि दोन टोकांना पडताळलं. नव्या सेन्सरला स्वच्छ हवेत २६०, २०० पीपीएमला ७१ आणि २००० ला २० किलोओहम आले. २० अंश आणि ३० टक्क्यांना, म्हणजे सुमारे ७,००० पीपीएम पाण्यात, स्वच्छ हवेतला आणि २००० चा आकडा ३३० आणि २१.५. ३५ अंश आणि ८० टक्क्यांना, म्हणजे सुमारे ४४,००० पीपीएम पाण्यात, २०५ आणि १८. रेषा ७१ आणि २० वर थेट किलोओहममध्ये बसवल्या, गुणोत्तर काढून टाकलं. आता कोरड्या टोकाला लाल सुमारे २३०० पीपीएमला वाजतो आणि दमट टोकाला सुमारे १६५० ला. चूक उरलीच आहे, पण ती माहीत असलेली आणि बहुतांशी सुरक्षित बाजूची आहे. मुख्य म्हणजे सर्वांत दमट स्वच्छ हवेतला २०५ हा आकडा पिवळ्याच्या ७१ पासून कितीतरी लांब आहे.

रोधाची पट्टी वर सरकली, म्हणून सेन्सरसोबतचा रोधकही बदलावा लागला, १० ऐवजी ४७ किलोओहम. ५ व्होल्टवर या रोधकापाशी स्वच्छ हवेत ०.७७, पिवळ्याला २ आणि लालला ३.५ व्होल्ट मिळतात, मोजायला सोयीचे. हा बदल दोन बोर्डांवर राहून गेला होता. त्या बोर्डांवरचा आकडा ४७ समजून वाचल्यामुळे रोध जवळजवळ पाचपट दिसला आणि तिथेच पकडला गेला.

अल्कोहोलसाठी जाळीमागे सक्रिय कोळशाचा थर दिला. कोळसा ब्युटेनही थोडा धरून ठेवतो, त्यामुळे ३ मिलिमीटरच्या थराला प्रतिसाद यायला नको इतका उशीर होऊ लागला. थर दीड मिलिमीटरचा केला. अल्कोहोल पूर्ण अडत नाही, पण फडक्याने पुसल्यावर दिवा लागत नाही.

पेटी उघडली तेव्हा झाकणाची फट सिलिकोनने बंद केलेली दिसली. हे या प्रकरणातलं मूळ कारण नव्हतं, पण पुढचं ठरलं असतं. सिलिकोनच्या वाफा तापलेल्या पृष्ठभागावर जळून सिलिका होतात आणि ती तिथेच बसते. दोन सेन्सर ताज्या सिलिकोनसोबत एक दिवस बंद ठेवून पाहिले. त्यांची गॅस-रोधाची रेषाच बदलली आणि चार दिवस तापवूनही मूळ जागी आली नाही. जागी नायट्राइल रबराचं गॅस्केट आलं.

निष्पत्ती

सहा महिन्यांनी २४ पैकी सहा सेन्सर काढून पुन्हा मोजले. २००० पीपीएमला रोध १९ ते २२ किलोओहमच्या दरम्यान होता आणि विवर्तनात कण १४ नॅनोमीटरचेच दिसले. बाष्पामुळे पिवळा दिवा एकदाही लागला नाही. दोनदा लागला तो जंतुनाशक अल्कोहोल जाळीवरच फवारल्यामुळे. लायटरची तपासणी बंद करून २००० पीपीएमचा तयार गॅस, जाळीवर बसणारी टोपी आणि रोधाची नोंद, अशी सुरू केली. नोंद आकड्याची असल्यामुळे उतार दिसतो, बरोबरच्या खुणेत तो दिसत नव्हता. या गॅसचा डबाही कोरडाच असतो, म्हणून टोपीतून दिलेल्या मापाची पेटीतल्या मापाशी तुलना करायची नाही, त्याच सेन्सरच्या मागच्या महिन्याच्या मापाशी करायची, असं कार्डावरच छापलं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या निवडीच्या दिवशी एक पाण्याची बाटली वाटेत ठेवली असती, तर सातही भुकट्यांची क्रमवारी बदलली असती. महागडं काहीच लागत नव्हतं. दुसरं, भाजण्याचं तापमान चालवण्याच्या तापमानापेक्षा किमान दोनशे अंशांनी वर हवं, हा साधा आडाखा ६ नॅनोमीटरच्या मोहापायी बाजूला पडला. कण बारीकच ठेवायचा असेल, तर तो वाढू न देणारा दुसरा ऑक्साइड मिसळण्याची वाट आहे. ती या गटाने अजून धरलेली नाही.

पिवळ्याचा आवाज बंद करण्याचा निर्णय मात्र आजही वादाचा आहे. आवाज बंद असलेल्या पाच आठवड्यांत कुठे गळती झाली असती, तर २०० ते ३००० पीपीएमपर्यंत कुठलाच आवाज झाला नसता. सेन्सर बदलून होईपर्यंत लाल रेषा ९ वरून १२ किलोओहमवर आणणं पाच मिनिटांचं काम होतं. म्हातारे सेन्सरही २००० पीपीएमला वाजले असते, आणि स्वच्छ हवेतला ३४ चा आकडा १२ पासून लांबच होता. सगळं लक्ष पिवळ्यावर असल्यामुळे ते कुणाला सुचलं नाही.

आणि एक दोष सहा महिन्यांच्या तपासणीतच सापडला. एका सेन्सरच्या हीटरची तार सुटली होती. थंड टिन ऑक्साइडचा रोध प्रचंड असतो आणि मोठा रोध म्हणजे स्वच्छ हवा, असंच फर्मवेअर समजतं. त्या उपकरणाचा हिरवा दिवा नऊ दिवस शांतपणे जळत होता. आता हीटरचा प्रवाह दर मिनिटाला मोजला जातो आणि रोध २ मेगाओहमच्या वर गेला तरी दोषाचा दिवा लागतो.